देवाशेजारचा काटा

रहिमतपूरच्या माळावर साठच्या दशकात एक विमान होतं आणि त्याची गेजं मी दुरुस्त करत होतो, असं सांगितलं की माणसं माझ्याकडे जरा सांभाळून बघतात. म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय असा चेहरा करतात. मी त्यांना दोष देत नाही. ते विमान डोळ्यांनी पाहिलं नसतं तर असलं बोलणाऱ्याला मीही हसलो असतो.

विमान दोघा भावांचं होतं. घरचा ऊस बक्कळ, विहिरींना पाणी बारमाही, आणि गावात शब्द खाली पडू न देण्याची सवय. धाकटे विमानदलात इंजिन फिटर होते. नोकरी संपवून घरी आले ते डोक्यात विमान घेऊनच. सुट्टीत कुठल्याशा फ्लाइंग क्लबात ते उडवायलाही शिकले होते. जुन्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये, काहिली बाहेर काढून टाकून, त्यांनी परदेशी नकाशावरून लाकडाचा सांगाडा उभा केला, त्याच्यावर कापड ताणलं, कापडावर रोगण चढवलं. इंजिन लढाईनंतर भंगारात निघालेलं, चार सिलिंडरचं. शेजारी शेजारी दोन जागा. हे सगळं त्यांनी एकट्यानं केलं आणि चांगलं केलं, एवढं मी आजही म्हणतो. त्यांच्याविषयी चांगलं म्हणण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

थोरल्यांनी त्या विमानात एकच गोष्ट स्वतःच्या हातानं बसवली. ती म्हणजे देव. चालवणाऱ्यासमोर गेजांची फळी असते, तिच्या बरोब्बर मधोमध त्यांनी कुलदैवताचा चांदीचा टाक चार स्क्रू मारून ठोकला होता. त्याला रोज गंध आणि सणावाराला हार. गेजं मग देवाच्या कडेनं, जागा मिळेल तिथं, दाटीवाटीनं बसवलेली. प्रेशरचं गेज ट्रॅक्टरचं होतं. तेलाच्या टेंपरेचरचं गेज जीपच्या रेडिएटरचं काढलेलं. दोन्ही मनाला येईल तसं दाखवायची. काटा अडकला की काचेवर टिचकी मारायची ही आमच्याकडच्या ऑइल इंजिनवाल्यांची पद्धत. टिचकीनं काटा उठला की माणूस खूश. आता काटा टिचकीनं उठतो म्हणजे आधी तो खोटं सांगत होता, आणि टिचकीनंतर खरं सांगतोय याला पुरावा काय, हा प्रश्न त्या पंचक्रोशीत कुणाला पडत नसे.

विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर त्याच्या शेजारी बिडी ओढत बसता येतं. विमानाचं तसं नाही. तेल तापलं की पातळ होतं, पातळ तेल बेअरिंगला धरत नाही, आणि मग इंजिन धरतं ते कायमचं. हे होण्याआधी सांगणारं कुणी असेल तर तो टेंपरेचरचा काटा. तो खोटं बोलला तर वर बसलेल्या माणसाला कळतं ते पंखा थांबल्यावर.

मी त्या वेळी सांगलीत, कुपवाडच्या अंगाला असलेल्या एका वर्कशॉपात गेजांच्या बाकावर होतो. साखर कारखान्यांची, बॉयलरांची, पंपांची गेजं आमच्याकडे यायची. हे काम मी फौजेच्या वर्कशॉपात शिकलो. घरात सगळे शेतमजुरीवरचे. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, देव्हारा नदीत सोडला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी चिमटा आणि भिंग हातात घेतलं. काट्याच्या मागचं केसाएवढं स्प्रिंग जागेवर बसवताना श्वास धरावा लागतो. ते काम करताना माझी जात कुणी विचारत नसे, कारण ते काम दुसऱ्या कुणाला येत नसे. तो बाक म्हणजे माझं सगळं होतं. बायकोला आणि आईला मी एवढंच सांगू शकत होतो की माझ्या हाताखालून गेलेला काटा खोटं बोलत नाही.

वर्कशॉपात प्रत्येक कामाचं कार्ड असे. काम झालं की गिऱ्हाईकानं त्यावर 'काम पसंत' किंवा 'काम नापसंत' असं लिहून सही करायची. पसंत लिहीपर्यंत नवा बसवलेला माल वर्कशॉपचाच. एकाच कामावर एका माणसाला तीन नापसंत पडले की तो बाकावरून उठायचा आणि ओतीव कामाच्या कडा कानशीनं घासायला बसायचा. मालकाचा हा नियम कडक होता आणि मला तो आवडायचा, कारण तोवर तो दुसऱ्यांनाच लागला होता.

पहिल्यांदा मी रहिमतपूरला गेलो तो मिरजेच्या पॅसेंजरनं. धाकटे स्टेशनवर न्यायला आले, सायकलवर डबल सीट. मी फळी पाहिली आणि सरळ सांगितलं, "मालक, ही मधली जागा टेंपरेचरच्या काट्याची. चालवणाऱ्याची नजर पहिली इथं जाते. देव जरा बाजूला घेऊ."

थोरले शेडच्या दारात उभे होते. आत येण्याची त्यांना गरज वाटली नव्हती.

"देव कुटं सरकत न्हाई," ते म्हणाले. "तुजा काटा सरकव."

मग मी काटा सरकवला. देवाच्या उजव्या बाजूला, अगदी खेटून. जीपचं गेज सांगलीला नेलं, उघडलं, साफ केलं, सेट केलं. ते घ्यायला थोरल्यांचे मेहुणे आले. ते विश्रामबागेत राहायचे आणि कॉलेजात शिकवायचे. त्यांच्यासमोर मी गेजाचा बल्ब उकळत्या पाण्यात बुडवला. काटा शंभराच्या दोन घरं खाली जाऊन थांबला.

"पाणी शंभराला उकळतं," मेहुणे म्हणाले. "तुमचं गेज दोन अंशांनी चुकतंय."

मी म्हटलं, "सांगली समुद्रावर नाही सर. आपल्या उंचीला पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. ह्यानं शंभर दाखवलं असतं तर मी फेकून दिलं असतं."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की पुस्तकात शंभर दिलंय. असल्या माणसांच्या हाताखालून दरवर्षी शेदोनशे पोरं पास होत होती.

पंधरा दिवसांनी कार्ड परत आलं, काम नापसंत. काटा पुन्हा भरकटला होता. मला नवल वाटलं नाही. जीपचं गेज ते जीपचं गेज. मी वर्कशॉपच्या मालकाला म्हटलं की ही ठिगळं पुरे, विमानाचं गेजच बसवू. पुण्याच्या जुन्या बाजारात लढाईतल्या सामानाच्या ढिगात मला एक सापडलं, विजेवर चालणारं. तेलाच्या टाकीत एक बोटभर लांबीचा तुकडा बसतो, तेल तापेल तशी त्याच्यातून जाणारी वीज कमी-जास्त होते, आणि दोन वायरींवरून तो निरोप फळीवरच्या काट्यापर्यंत येतो. वायरी काट्याच्या पाठीमागे दोन उघड्या पितळी खुंट्यांना जोडायच्या. प्रेशरसाठी तांब्याच्या नळीचं बंद गेज घेतलं. इतकं सुरेख टेंपरेचरचं गेज मी त्याआधी हातात घेतलं नव्हतं. बाकावर मी ते उगीचच चारचारदा तपासलं.

ते बसवायला गेलो तेव्हा धाकट्यांची आणि माझी गट्टी जमली. दिवसभर मी विमानात डाव्या-उजव्या जागेवर उताणा पडून फळीखाली काम करत होतो आणि ते मला पाने देत होते. चहा एकाच किटलीतून आला आणि दोघांनी सारख्याच कपातून घेतला. हवाई दलात सगळे एका पंक्तीला जेवायचे, मी हे घरचं खूळ मानत नाही, असं ते दोनदा म्हणाले. दोनदा म्हणाले तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी विरघळलो. गाडीत बसल्यावर मला वाटलं, बदलतंय सगळं. आज ते आठवलं की त्या विरघळलेल्या माणसाच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

दुसरं कार्डही नापसंत आलं. सोबत धाकट्यांची चिठ्ठी, की टेंपरेचर कधी फार चढं दाखवतं, कधी फार उतरतं, हवेतल्या दमटपणाचा परिणाम असावा. भर उन्हाळ्यात, रहिमतपूरच्या माळावर, दमटपणा.

धाकट्यांनी गेज काढून, पुसून, वायरींसकट परत पाठवलं. बाकावर लावलं तर बिनचूक. वायरी बिनचूक. मग मी स्वतःकडे बघायला लागलो. हात थरथरतो का ते पाहिलं. डोळे तपासून आलो. आईनं विचारलं काय झालं, तर तिच्या अंगावर ओरडलो. बाकावरचा दुसरा कारागीर मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाला, की काही हातांना उपजतच गुण नसतो. मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. एवढी शरम मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

तिसऱ्यांदा मी गेज बसवून आलो ते भाद्रपदात. त्यानंतर निरोप आला की दसऱ्याला विमान उडणार आहे, आदल्या दिवशी येऊन शेवटचं तपासून जा. तोवर विमानानं माळावर नुसत्या धावा घेतल्या होत्या आणि पुरुषभर उंचीच्या दोनचार उड्या मारल्या होत्या. आता मात्र थोरल्यांच्या डोक्यात सीमोल्लंघन शिरलं होतं. गाव शिवेपर्यंत चालत जातं, हे विमानातून शीव ओलांडणार. स्वतः, उजव्या जागेवर बसून. तालुक्यात कुणी केलं नाही असं काहीतरी करायचं होतं, आणि शाळा काढण्यापेक्षा हे सोपं होतं.

मी पोचलो तेव्हा खंडेनवमी होती. शेडमध्ये नांगराचे फाळ, कोयते, पाने, हातोडे, सगळं पाटावर मांडून पुजलं होतं. विमानाच्या पंख्याला झेंडूची माळ. मी स्विच दाबला. इंजिन दोन दिवसांचं थंड, आणि काटा सत्तरवर.

थोरले दारातच होते. "ह्येच्या हाताला गुणच न्हाई," ते धाकट्यांना म्हणाले, मी तिथं नसल्यासारखं. "कार्ड आण, नापसंत लिवतो. आनि आज हत्याराला हात लावायचा न्हाई, सांग त्येला."

"माझी हत्यारं तुमच्या पाटावर नाहीत मालक," मी म्हटलं. "त्यांना आज सुट्टी नाही. संध्याकाळपर्यंत थांबा, मग लिहा काय लिहायचं ते."

ते निघून गेले. मी जागेवर उताणा पडलो, फळीमागे बॅटरी मारली, आणि तसाच पडून राहिलो.

प्रेशरचं बंद गेज स्वच्छ होतं. त्यानं कधीच त्रास दिला नव्हता, आणि हे मला आधी सुचलं नाही याची आजही लाज वाटते. टेंपरेचरच्या त्या दोन पितळी खुंट्यांवर मात्र मोरचुदासारखा हिरवा-निळा थर चढला होता. फळीच्या मागून, वरच्या फटीतून देवाच्या टाकाच्या बरोबर पाठीवरून, वाळलेले पिवळट ओघळ खाली आले होते. काही अजून ओले होते. एका खुंटीला तुळशीचं पान चिकटलेलं. मी बोट लावून वास घेतला. लहानपणी दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढलेल्या माणसाला तो वास कुणी सांगावा लागत नाही.

मग सगळं सरळ झालं. ओलं असताना दोन खुंट्यांमधून वीज झिरपायची आणि काटा चढा दाखवायचा. वाळून थर धरला की वीज अडायची आणि काटा उतरायचा. खोटं दोन तऱ्हेचं आणि दोन्हींचं कारण एकच तांब्या.

मी धाकट्यांना हाक मारली. पान त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"गोमूत्र कोण शिंपडतं?"

त्यांनी पानाकडे पाहिलं, मग शेडच्या पत्र्याकडे. "थोरलं," ते म्हणाले. "तुमी येऊन गेला का, त्या दिवशी. आनि आज सकाळी पूजेला बी. देव हाय ना फळीवर. तुमी आत बसता, जागेवर पडता... घरातल्यांचं समाधान हो. मी मानत न्हाई."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी मानत न्हाई गड्या."

"मानता की नाही ते विचारलं नाही मी. माहीत होतं का?"

"व्हय."

मी दोन कार्डांचं विचारलं नाही. चिठ्ठीतल्या दमटपणाचं विचारलं नाही. माझे डोळे, माझा हात, आईच्या अंगावरचं ओरडणं, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. थोरल्यांचा मला राग आला, पण तो जुना, ओळखीचा राग होता. त्यांचं निदान देवावर तरी काही प्रेम होतं. ह्या माणसाला इंजिन कळत होतं. पितळेवर खारं पाणी पडलं की काय होतं हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी त्यानं मला खोटा ठरू दिलं, कारण भावासमोर तोंड उघडण्यापेक्षा ते सोपं होतं. किळस म्हणतात ती मला त्या वेळी आली, गोमूत्राची नव्हे.

मी खुंट्या पॉलिश पेपरनं घासल्या, पेट्रोलनं धुतल्या, वायरी नव्यानं जोडल्या. काटा खाली येऊन थंड तेलाच्या जागी गप उभा राहिला. मग मी धाकट्यांना म्हटलं, "उद्या उजव्या जागेवर थोरले बसणार आहेत. त्यांना एवढंच सांगा. आज रात्री तांब्या पडला तर उद्या वर गेल्यावर तेल जळलं तरी काटा सांगणार नाही. आणि इंजिन धरलं तर खाली येताना फळीवरचा देव स्क्रूनं घट्ट बसवलाय, पण मालक नाहीत."

"तसं कसं सांगू?"

"दमटपणा म्हणून सांगा."

रहिमतपुरातच आमच्या नात्यातलं एक घर होतं, तिथं मुक्काम केला. मावशीनं विचारलं, विमानाच्या कामाला आलास म्हणे, मोठ्या लोकांत ऊठबस आहे तुझी. मी भाकरी खाल्ली आणि हो म्हटलं.

सकाळी शेडवर गेलो ते थेट फळीखाली डोकं घातलं. खुंट्या कोरड्या. झळझळीत पिवळ्या, मी ठेवल्या तशा. टाकाला गंध लावलेलं, पण एक थेंब मागे उतरला नव्हता. मी जिथं आदल्या दिवशी अर्धा दिवस उताणा पडलो होतो त्या जागेवर कुणी पाणीसुद्धा शिंपडलं नव्हतं.

इतकी वर्षं, इतक्या पिढ्या, आमच्या सावलीनं जे बाटत आलं ते एका दिवसासाठी बाटेनासं झालं होतं. कारण बसणाऱ्याला स्वतःचं इंजिन बंद पडण्याची भीती होती. मी तिथंच, पंखाखाली वाकून, मोठ्यानं हसलो. माळावर जमलेल्या लोकांना वाटलं विमान बघून हसतोय.

थोरले आले ते पांढराशुभ्र फेटा, खिशात आपट्याची पानं. माझ्याकडे न बघता, मी लोळलेल्या जागेवर, दोन्ही हातांनी कडा धरून बसले. विमान धावलं, उठलं, गावाच्या शिवेवरून वळलं. मी गर्दीतून बाजूला होऊन इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो. त्या वेळी मला दुसरं काही नको होतं, फक्त काटा खरा बोलायला हवा होता. दहा मिनिटांत ते उतरले. थोरले ज्या आपट्याच्या पानांसह वर गेले होते त्याच पानांसह खाली आले, आणि लोकांनी ती सोनं म्हणून वाटून घेतली.

धाकटे उतरल्या उतरल्या माझ्याकडे आले. "परफेक्ट," ते म्हणाले. "चढताना नव्वद, वळल्यावर खाली. परफेक्ट गड्या."

थोरले मात्र थांबले नाहीत. सरळ विहिरीवर गेले आणि फेटा काढून, धोतरासकट, डोक्यावर पाण्याच्या दोन बादल्या ओतून घेतल्या. पाणी निथळत परत आले. धाकट्यांना म्हणाले, "तांब्या आन."

आणि ते मानत नसलेले धाकटे तांब्या आणायला गेले.

मी विमानात चढलो आणि फळीचे स्क्रू सोडायला लागलो.

"काय करतुयास?" थोरल्यांनी विचारलं.

"गेज काढतोय."

"काटा बराबर चालला की आज. कार्ड आन, पसंत लिवतो."

कार्ड माझ्या खिशात होतं. त्यावरचा तो एक शब्द मला वर्षभर हवा होता. माझा बाक त्या शब्दावर होता. मी म्हटलं, "लिहा मालक. पण तांब्या खाली ठेवायला सांगा. आज आणि पुढंही."

"त्यो आमचा देव हाय. त्येचं आमी बगू. तुजं काम झालं."

"मग माझं काम होत नाही. तांब्या पडला की हा काटा उद्या खोटं बोलणार, आणि खोटं बोलणारा काटा मी ह्या फळीवर ठेवणार नाही. पसंत लिहीपर्यंत माल वर्कशॉपचा."

"नापसंत लिवीन."

"तुम्ही कशाला त्रास घेता," मी म्हटलं.

दोन वायरी सोडवल्या, टोकांना चिकटपट्टी गुंडाळली, तेलाच्या टाकीतला तुकडा काढून तिथं बूच मारलं, तो आणि गेज रुमालात बांधून डब्याच्या पिशवीत टाकलं. धाकटे तांब्या घेऊन पंखाशी उभे होते. त्यांना मी म्हटलं, "टेंपरेचरशिवाय उडू नका. हे तुम्हाला कळतं, म्हणून सांगतोय." त्यांनी मान डोलावली. फळीवर देवाच्या उजव्या हाताला मुठीएवढं गोल भोक राहिलं होतं, त्यातून पलीकडचं इंजिनाचं पत्र्याचं झाकण दिसत होतं.

कार्ड मी पंखावर ठेवून माझ्या पेननं लिहिलं. आधी 'काम नापसंत', मग त्यातला 'काम' शब्द खोडला आणि वर 'गिऱ्हाईक' लिहिलं. खाली माझी सही केली. थोरल्यांनी वाचायला हात पुढे केला नाही. कार्ड माझ्या हातात होतं ना.

दसऱ्यानंतरच्या दिवशी वर्कशॉपच्या मालकांनी ते कार्ड वाचलं. दोनदा वाचलं. मी झालेलं सगळं सांगितलं, तेही ऐकलं. मग म्हणाले, "नियम नियम आहे. गिऱ्हाईकाची सही नाही, पसंत नाही. तिसरं कार्ड धरावं लागेल."

मी म्हटलं, "धरा. त्याआधी एक करू द्या."

स्टोव्हवर पाणी ठेवलं. पिशवीतून गेज काढलं, वायरी जोडल्या. बाकावरचे सगळे येऊन उभे राहिले, उपजत गुणाचं बोलणाराही. पाणी खळखळल्यावर टाकीतला तुकडा त्यात सोडला. काटा चढत गेला आणि शंभराच्या दोन घरं खाली थांबला. वाफेनं काच धुरकटली तर मी ती बाहीनं पुसली. काटा तिथंच होता.

मग मी भिंग आणि चिमटा बाकाच्या खणात ठेवला, खणाची किल्ली मालकांच्या हातात दिली, आणि कानस घेऊन ओतीव कामाच्या ढिगाकडे गेलो.